तिसरं सॅम्पल

आंबागडात रविवारी सकाळी सात वाजता तोंडात व्हिस्की घेणारा माणूस एकच आहे, आणि तो ती गिळत नाही.

सुखदेव कापगते ओसरीवर पाट टाकून बसतात. स्टीलच्या वाटीतून एक घोट घेतात, डोळे मिटून तो गालातल्या गालात फिरवतात आणि शेजारच्या बादलीत थुंकतात. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून वहीत काहीतरी लिहितात. ही व्हिस्की साधीसुधी नसते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातून विमानाने नागपूरला, तिथून एसटीने तुमसरला आणि तुमसरहून काळीपिवळी जीपमध्ये कोणाच्या तरी मांडीवर बसून ती आमच्या गावात आलेली असते. एवढा प्रवास करून शेवटी बादलीत जाणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. बायको-मुलं मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात असतात. बदली होऊन आलो त्या पहिल्याच रविवारी मी हे दृश्य पाहिलं आणि बायकोला फोनवर सांगितलं, की समोर एक म्हातारा आहे, सकाळपासून सुरू असतो. फोन ठेवतोय तोच म्हातारा दारात हजर. अंगात इस्त्रीचा सदरा, डोळे स्वच्छ, तोंडाला कसलाही वास नाही.

"सर, तुमच्या शाळेत काचेचं मोजपात्र असन ना? पन्नास मिलीचं. फुटलेलं नको."

ते मोजपात्र अजून त्यांच्याकडेच आहे.

कापगते काकाजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं सॅम्पलर होते. सॅम्पलर म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच भेटीत, मी विचारलेलं नसताना, ओसरीवर तांदळाचा ढीग घालून शिकवलं. मालाचा ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे. उरलेल्या दोन्हींचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत मूठभर माल उरतो, त्याच्या तीन पुड्या बांधायच्या. एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. दोघांनी आपापली पुडी तपासायची आणि ग्रेड सांगायची. दोघांचं जुळलं तर तिसरी पुडी फेकून द्यायची. नाही जुळलं तर वाद. त्या वादासाठी तिसरी पुडी लाखेने सील करून ठेवलेली असते, आणि ती दोन्ही पार्ट्या समोर बसल्याशिवाय फोडता येत नाही.

"तिसऱ्या सॅम्पलवर कोनाचाच हात नसते सर," ते म्हणाले. "देवाच्या मूर्तीवर बी लोक हात ठेवते. त्याच्यावर नाई."

एकदा एका व्यापाऱ्याचा माणूस त्यांच्या घरी पेढ्यांचा डबा ठेवून गेला होता. काकाजींनी डबा न उघडताच चारी बाजूंनी लाख लावून सील केला, वर चिठ्ठी डकवली, 'नमुना तपासला नाही, परत', आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात दिला. पेढे खाऊन बघण्याचा मोहसुद्धा झाला नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सॅम्पलरले आवड नसते, सर. आवडनं-नावडनं पार्टीचं काम. आपन ग्रेड सांगाची."

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुठेही चालतं. काकू भाजी वाढून "कशी झाली?" म्हणाल्या, की उत्तर येतं, "बासष्ट." भातात खडा लागला, की "सिलिका आहे." काकूंची तक्रार मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. "चाळीस वर्सं झाली सर, या मानसानं एक दिवस भाजी चांगली झाली म्हून नाई म्हटलं. लग्नाच्या पंगतीत बी मार्क देते. लोक मले विचारते, तुमाले किती दिले?"

"किती दिले?" मी विचारलं.

"मी विचारलंच नाई बाप्पा. कमी सांगतले तं?"

आता व्हिस्की. कापगत्यांचा एकुलता एक मुलगा अमोल तिकडे मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हा त्याने बापासाठी बर्बन व्हिस्कीची बाटली आणली. काकाजी जन्मात दारूला शिवले नव्हते, तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र दिवसाला चार पुड्या लागायचा. बाटली समोर ठेवून ते बराच वेळ लेबल वाचत बसले. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका असावाच लागतो, बर्बन असो की राय नावाची दुसरी व्हिस्की, लाकडी पिंप नवंच लागतं आणि तेही आतून जाळलेलं, आणि अल्कोहोल किती ते बाटलीवर छापावं लागतं, हे अमोलने सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मालाची ग्रेड मालावरच छापून देणारा देश आहे, हे त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी चार वाट्या मांडल्या. बाटलीतला थोडा माल चारींत सारखा ओतला, समोरासमोरच्या दोन उचलून जास्वंदीच्या बुडाशी ओतल्या. अमोल ओरडला असेल, पण नियम तो नियम. उरलेल्या दोन वाट्या एकत्र केल्या. निम्मं तपासायला, निम्मं तिसरं सॅम्पल म्हणून औषधाच्या रिकाम्या बाटलीत, वर लाख. आणि मग आयुष्यातला पहिला घोट त्यांनी तोंडात घेतला आणि थुंकला, कारण सॅम्पलर सॅम्पल खात नाही. मार्क दिले एकाहत्तर. अमोलने दिले होते नव्वद.

काकू सांगतात, दोघं दोन दिवस भांडले. "बापलेक कधी बोललेच नाई सर. हे खाणीत, तो भंडाऱ्याले होस्टेलात. फी भरली का, भरली, बस्. त्या दिवशी जेवाले बसले तं वरन थंडं झालं तरी बोलूनच राहिले. वास कशाचा, जळकं कशाचं, कडू कुठं लागते. मी म्हटलं, असू दे दारू."

अमोल गेला आणि काकाजींनी खर्रा सोडला. जीभ कोरी पाहिजे म्हणून. बाटलीत उरलेल्या मालावर दर रविवारी सकाळी जिभेचा सराव सुरू झाला. दारूपायी व्यसन सुटलेला हा आमच्या भागातला एकमेव माणूस असावा.

पुढच्या दिवाळीत अमोल आला तेव्हा मी इथे आलेलो होतो. तिसरं सॅम्पल फोडायचं ठरलं आणि अंपायर म्हणून मला बोलावलं गेलं. मी पीत नाही म्हणालो. "प्याचं नाई, थुकाचं आहे," काकाजी म्हणाले. मी घोट घेतला. आधी व्हॅनिला लागलं, मग जळकं लाकूड, मग डोळ्यांत पाणी आलं. मी ऐंशी म्हणालो. मधलं काहीतरी सांगून दोघांना खूश करावं, हा शिक्षकाचा स्वभाव. पण काकाजींनी वहीत वजाबाकी केली. एकाहत्तरपासून नऊ, नव्वदपासून दहा. ज्याच्या जवळ, तो जिंकला. अमोल हसत हसत माझ्यावर धावून आला, सर, तुमची जीभच सील केली पाहिजे म्हणाला. त्या दिवशी घरात जेवढं हसणं ऐकलं तेवढं नंतर मी ऐकलं नाही.

निघताना काळीपिवळीत बसल्यावर अमोलने खिडकीतून सांगितलं, "बाबा, पुढचं सॅम्पल सील करून ठेवा. आलो का फोडू."

तो पुन्हा आला नाही.

कारणं सगळी खरी होती. आधी रजा नव्हती, मग व्हिसाचं काहीतरी, मग घर घेतलं, मग मुलगी झाली. खोटं कारण असलं तर माणूस चिडू तरी शकतो. इकडे येणाऱ्या मित्रांबरोबर तो बाटल्या मात्र पाठवत राहिला. एकाच लॉटच्या दोन घ्यायच्या, एक स्वतःकडे ठेवायची, एक इकडे. लॉट नंबर जुळल्याशिवाय काकाजी झाकण उघडत नसत. काकाजींचा फोन बटणांचा, म्हणून व्हिडिओ माझ्या मोबाईलवर. आमची रविवारची सकाळ म्हणजे तिकडची शनिवारची रात्र. तो तिकडे गिळायचा, हे इकडे थुंकायचे, आणि मी मध्ये हात लांब करून मोबाईल धरायचो.

वहीत नगांची मोजणी या बाटल्यांपासूनच सुरू झाली; त्यातली एक नोंद उतरवून देतो. 'नग ४. राय. रंग - मोहफुलं भिजवलेल्या पाण्याचा. वास - विलायची, मागून पावसात भिजलेली पाटी. जीभ - तिखट, दांडगाई करते. शेवट - लांब, खाणीतलं जुनं टिंबर. सिलिका - आहे. पार्टी ८८. आपले ५४.' राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. आमच्याकडे पिकत नाही, त्यामुळे काकाजी त्याच्याशी सुरुवातीपासून थोडे तुसडेपणाने वागत. पण बर्बनलाही सुटका नव्हती. नग ९ला त्यांनी एकोणपन्नास दिले आणि शेरा मारला, 'गोड बोलून आत येते.'

पहिल्या बाटलीनंतर मार्क कधी साठीच्या वर गेले नाहीत. प्रत्येक वेळी वाद, प्रत्येक वेळी लाख. देवघराच्या वरच्या फळीवर औषधाच्या छोट्या बाटल्यांची रांग वाढत गेली. देवाला हात जोडायला मान वर केली, की काकूंना आधी त्या दिसत.

सुरुवातीला अमोल तावातावाने भांडायचा. मग नुसता हसायचा. मग एका रविवारी तो हसला नाही. "बाबा, इथं लोक या बाटलीसाठी लाइनीत उभे राहते. मी बी दोन तास राहिलो. तुमाले एक बी आवडली नाई काय आजवर?"

"सॅम्पलरले आवड नसते," काकाजी म्हणाले.

तिकडे मागे मुलगी रडायला लागली आणि फोन बंद झाला. मी काकाजींकडे बघितलं. ते लाख तापवत होते.

त्यानंतर बाटल्या कमी झाल्या, फोन त्याहून कमी. काकूंशी तो मधेमधे पाच मिनिटं बोलायचा. काकाजी रविवारी सातला तसेच पाटावर बसायचे. बाटली नसेल तर जुनी वही वाचायचे. समोरच्या खिडकीतून मला ते दिसत. वर किल्ल्याचा डोंगर, खाली हा म्हातारा आणि रिकामी बादली. मला राग यायचा. पोराने दोन तास उभं राहून बाटली आणावी आणि यांनी चोपन्न द्यावेत? कसला हा हट्ट, असं मी बायकोजवळही बोललो होतो.

यंदा धान निसवत, लोंब्या बाहेर येत असताना माझ्या मोबाईलवर अमोलचा मेसेज आला. 'सर, बाबांना सांगा, आता वाद नको. एकोणीसच्या एकोणीस सॅम्पलमध्ये त्यांचेच मार्क बरोबर. मला मान्य आहे. दिवाळीला याही वर्षी जमत नाही. त्या बाटल्या आता टाकून द्या म्हणावं.'

वाचताना मला चांगुलपणा दिसायला हवा होता. दिसला नाही. माझे वडील दिघोरीला असतात. फोनवर ते एखाद्या गोष्टीचा धोशा लावतात आणि माझा तास सुरू व्हायचा असतो, तेव्हा मीही असंच म्हणतो. हो बाबा, तुमचंच बरोबर. त्याने फोन लवकर ठेवता येतो.

चार दिवस मी तो मेसेज खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी जाऊन वाचून दाखवला.

"परत वाचा," काकाजी म्हणाले.

मी परत वाचला.

"म्हनजे पार्टीनं मान्य केलं."

"हो."

"साऱ्याचे सारे?"

"सगळे."

आत काकू तांदूळ पाखडत होत्या, तो आवाज थांबला. काकाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "मंग वाद मिटला," ते म्हणाले. "वाद मिटला का तिसरं सॅम्पल नष्ट करा लागते. साक्षीदार लागते. रविवारी सातले या, सर."

मी गेलो. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून एकोणीस बाटल्या रांगेत मांडल्या होत्या. त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि खाणीतली छोटी हातोडी घेतली. मी बाटली द्यायची, त्यांनी चिठ्ठी वाचायची, लाख फोडायची, माल बादलीत ओतायचा, आणि मी त्या नगापुढे 'नष्ट' लिहायचं.

"लिवा. नग एक. नष्ट."

एकेका बाटलीत दोन घोट. पण चौथी-पाचवी बाटली ओतेपर्यंत ओसरीभर वास झाला. मोहफुलं, गूळ, जळलेलं लाकूड, सगळं एकत्र. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला नाही.

सातव्या नगाला माझं पेन अडलं. शाई उतरते का बघावं म्हणून मी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे पेन्सिलने, बारीक अक्षरात, एक ते एकोणीस आकडे लिहिले होते आणि प्रत्येकापुढे मार्क. नग ४, नव्वद. नग ९, पंच्याऐंशी. मी पानं मागे उलटून आतल्या नोंदी पाहिल्या. पेन्सिलचे मार्क अमोलच्या मार्कांना चिकटून चालत होते. कुठे तेवढेच, कुठे एक-दोन जास्तच. नग १२पुढे होते अठ्ठ्याण्णव. ही बाटली अमोलला मुलगी झाली तेव्हाची. वहीत तिला काकाजींनी शेहेचाळीस दिले होते.

"काकाजी, हे काय आहे?"

त्यांनी पान पाहिलं. हातोडी खाली ठेवली.

"ते खरी ग्रेड आहे."

"मग आतल्या पानांवर लिहिलेली?"

"ते वादाची." त्यांनी बादली थोडी जवळ ओढली. "मार्क जुळले असते तं तिसरं सॅम्पल त्याच दिवशी फेका लागलं असतं. मंग तो कायले आला असता, सर?"

मी या माणसावर वर्षानुवर्षं मनातल्या मनात चिडत होतो.

"खाणीत तीस वर्सं अर्धा टक्का कोनासाठी वर-खाली नाई केला," ते म्हणाले. "याच्यासाठी केला. मले वाटलं, भांडाले येईन. एवढा भांडखोर पोरगा. यानं मान्यच करून टाकलं."

"मी आत्ता अमोलला कळवतो. या पानाचा फोटो पाठवतो."

"नाई." आवाज एकदम खाणीतला झाला. "सॅम्पलरनं खोटी ग्रेड लिवली, हे पार्टीले सांगाचं? आज बाप खडूस म्हनते. ते कळलं तं बाप खोटा म्हनन."

"अवो, सांगू द्या ना सरायले," काकू दारातून म्हणाल्या. काकाजींनी वर बघितलं नाही.

"लिवा, सर. नग सात. नष्ट."

मी लिहिलं. आठ, नऊ, दहा, अकरा. अकराव्या बाटलीतून माल बादलीत पडत असताना मी बारावी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. विचार करून केलं नाही. पुढे केली ती तेरावी.

काकाजींनी चिठ्ठी वाचली. ज्यांनी तीस वर्षं पुड्यांचे नंबर लावले, त्यांना बारानंतर तेरा येतात आणि अकरानंतर बारा, हे काही मी सांगायला नको होतं. त्यांची हातोडी क्षणभर थांबली. मग त्यांनी लाख फोडली.

"लिवा. नग तेरा. नष्ट."

शेवटची बाटली ओतून झाल्यावर त्यांनी रिकाम्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. एकेक करून, मनाशी मोजत. अठरा झाल्या. मग मला म्हणाले, "खाली लिवा. एकूण एकोणीस नग, साक्षीदारासमक्ष नष्ट." मी लिहिलं. त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, आणि मला सही करायला लावली. बादली काकूंनी नेली. जास्वंदीला त्यांनी ती ओतली नाही, परसात कुठेतरी नेऊन ओतली असावी. बऱ्याच वेळाने परत आल्या.

मी उठलो. खिशावर हात ठेवायचा नाही, एवढं मनाशी घोकत पायरी उतरलो. रस्ता ओलांडणार तोच मागून हाक आली.

"सर."

मी वळलो. काकाजी पाटावरच बसले होते आणि वही मांडीवर मिटलेली होती.

"लाखेले ऊन लागू देऊ नका. वितळते ते."